कचऱ्यातून माती, मातीतून भाजी

आजचा विषय आहे शहरातली सामूहिक शेती. पण सुरुवात भाजीपासून नको, कचऱ्यापासून करू या.

फेब्रुवारी २०१८ आठवतोय ना? नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी आपल्या शहराच्या कचरागाड्या अडवल्या. कितीतरी वर्षं आपली घाण त्यांच्या दारात पडत होती. गाड्या थांबल्या आणि आपल्या गल्ल्यांत ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक झाली, लाठीमार झाला. कचरा 'टाकून' देता येत नाही, तो कुणाच्या तरी अंगणात जातो, हे तेव्हा आपल्याला कळलं.

आता साधा हिशेब करू. चार माणसांच्या घरात रोज साधारण एक किलो ओला कचरा निघतो. वीस घरांच्या सोसायटीत महिन्याला सहाशे किलो. तो कुजला की वजन पाव-तिसऱ्या हिश्श्यावर येतं, म्हणजे दीडशे-दोनशे किलो खत. यासाठी यंत्र लागत नाही. सालं-देठांचा एक थर, त्यावर वाळक्या पाल्याचा दुप्पट-तिप्पट थर, मुठभर जुनं खत किंवा शेणकाला, आणि हवा. वास येतो तो ओलं जास्त आणि पाला कमी झाल्यामुळे. म्हणून झाडलेला पाला जाळू नका, तो आपलं भांडवल आहे.

मुंबईत प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर हेच केलं. स्वयंपाकघरातला कचरा तिथेच जिरवला आणि त्यावर फळभाज्या घेतल्या. त्यामागे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवारा'चा विचार होता.

गच्चीबद्दल एक सावधगिरी. एक चौरस मीटरवर फूटभर ओली काळी माती घातली, तर वजन पाचशे किलोच्या आसपास जातं. साधा स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो. म्हणून कुजलेला पाला जास्त, माती कमी, वाफे कॉलम-बीमजवळ, आणि आधी इंजिनिअरला विचारा.

आता खरा अवघड प्रश्न. कुणीही म्हणेल, "अहो, आपल्याकडे नळाला पाणी येतं कित्येक दिवसांनी, अन् तुम्ही भाज्या लावायला सांगता?" प्रश्न रास्त आहे. आपलं पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसून येतं. ते पिण्याचं पाणी वाफ्यात ओतायचं नाही, हा पहिला नियम. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी वेगळं ठेवा. मातीवर चार बोटं पाल्याचं आच्छादन घाला, म्हणजे ओल टिकते. उन्हाळ्यात वाफे कमी करा, पावसाळ्यात वाढवा. मेथी, पालक, अंबाडी, दोडका हंगामानुसार घ्या. सगळी भाजी गच्चीवर पिकणार नाही, तसा दावाही नाही. पण सोसायटीबाहेर जाणारा कचरा मात्र निम्म्यावर येऊ शकतो.

शेवटचा मुद्दा सांभाळण्याचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने या शहरात नहर आणली. डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर, शहरभर फिरत होतं. ती आटली कशाने? बऱ्याच ठिकाणी वर बांधकामं झाली, नळ फुटले, सफाई थांबली. जे सगळ्यांचं, ते कुणाचंच राहिलं नाही. खाम नदीचंही तसंच झालं होतं. अलीकडे महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्वसारख्या संस्था आणि काठावरचे नागरिक एकत्र आले, तेव्हा तिचे काठ पुन्हा बसण्याजोगे होऊ लागले.

सोसायटीची बागही अशीच असते. पहिल्या रविवारी चाळीस माणसं येतात, पाचव्या रविवारी चार. म्हणून रोप लावण्याआधी पाळीचा तक्ता लावा: पाणी कुणी घालायचं, पाला कुणी गोळा करायचा, भाजी कशी वाटायची. सफाई कामगार आणि माळीकाकांना त्या वाटपात पहिला मान द्या. कचऱ्याचं ओझं आजवर त्यांनीच उचललंय.

तर घरी जाऊन उद्या एवढंच करू. डबे दोन ठेवू. बाकीचं माती शिकवेल.