चवदार तळ्याला जाताना गांधारपाले लेण्यांपाशीही थांबा

दरवर्षी २० मार्चला मुंबईहून महाडला निघालेल्या आपल्या गाड्या शहराच्या जेमतेम तीन किलोमीटर अलीकडे गांधारपाले गावावरून जातात. डोंगरात कोरलेली लेणी महामार्गावरूनच दिसतात. तरी थांबतात फार थोड्या.

ही बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंचे विहार, स्तूप आणि सुरुवातीच्या मोठ्या लेण्यात बुद्धमूर्ती. पण वेळ काढून समजून घ्यावा तो इथला ब्राह्मी शिलालेख. कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी. पाणीसुद्धा धम्मदान म्हणून दगडावर कोरून ठेवलेले! त्याच परिसरात १९२७ साली सार्वजनिक तळ्यातले ओंजळभर पाणी प्यायले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. चवदार तळे आणि ही टाकी एकाच दिवशी पाहिली, तर मधल्या शतकांत आपल्याकडून काय हिरावले गेले हे भाषणांपेक्षा लवकर कळते.

२० मार्चच्या गर्दीत जमत नसेल, तर २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनदिनी क्रांतिस्तंभाला येताना जा. हवाही बरी असते. पायऱ्यांची चढण आहे, म्हणून सकाळीच चढा. सोबत पाणी आणि टॉर्च घ्या. गटात ब्राह्मी वाचणारे कोणी असेल तर त्यांना पुढे करा. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू मात्र फिरवू नका, मेणबत्त्याही भिंतीला चिकटवू नका.