प्रसूती रजेआधीचा निरोप

नोकरी करणारी गरोदर स्त्री रजेवर जाताना सहकाऱ्यांचा निरोप घेते, तो सेवानिवृत्तीच्या किंवा बदलीच्या निरोपासारखा नसतो. तिचे टेबल तिथेच राहते, हजेरीपटावरचे नावही राहते, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा रुजू होणार असते. तरीही ‘आता कसली नोकरी, बाळ सांभाळ’ असे तिला अगदी मायेने सांगितले जाते. त्या मायेतून एक जुनी समजूत बोलत असते.

एके काळी ही समजूत नियमातच लिहिलेली होती. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणातच संपत असे. १९८१ साली नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांचा प्रश्न त्याहून जुना. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९६१ च्या कायद्याने ही तरतूद देशभर नेली आणि २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आधीची दोन मुले असतील, तर मात्र ती बारा आठवडेच राहते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत ही रजा १८० दिवसांची आहे.

निरोपाची तारीख ठरते ती या आठवड्यांच्या हिशेबावर. २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. आधी जितके कमी घ्यावेत तितके नंतर बाळाजवळ राहायला मिळतात. म्हणून पुष्कळ जणी नववा महिना लागला तरी लोकलच्या गर्दीतून कामावर येत राहतात. पहिले बाळंतपण माहेरी करायचे असेल आणि माहेर लांब असेल, तर प्रवास झेपेल तोवरच निघावे लागते आणि निरोप लवकर येतो. तारीख कोणतीही ठरो, कामाची सोपवणूक शेवटच्या दिवसावर ठेवू नये, कारण बाळ डॉक्टरांनी दिलेल्या तारखेची वाट पाहतेच असे नाही. चालू फायली, येऊ घातलेल्या मुदती, कोणत्या कामासाठी कोणाला गाठायचे, हे सगळे सातव्या महिन्याच्या अखेरीस लिहून झालेले बरे. रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्यावर पोच घ्यावी. प्रसूतीपूर्व काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळतात, उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यावे लागतात. या रजेत कामावरून काढणे किंवा सेवेच्या अटी तिच्या गैरसोयीच्या करणे कायद्याने मना आहे. नोकरी सोडायचे मनात असले, तरी तो निर्णय रजेपूर्वीच्या धावपळीत घेऊ नये. घाईने दिलेल्या राजीनाम्याने पगारी रजेचा हक्कही हातचा जाऊ शकतो.

महाराष्ट्रातल्या शाळा, बँका आणि सरकारी कचेऱ्यांत या निरोपाला डोहाळजेवणाचे रूप आले आहे. मधल्या सुट्टीत टेबले एकत्र जोडली जातात, घरून डबे येतात, हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घालून तिला मधोमध बसवतात. झाकलेल्या दोन वाट्यांतून पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळही होतो. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ सालीच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. अशा राज्यात बर्फी निघाल्यावर कोणाचाही चेहरा पडता कामा नये. ओटी भरतानाही एक गोष्ट जपावी लागते. घरच्या रीतीत विधवा आणि मूल नसलेल्या स्त्रिया मागे ठेवल्या जात; रोज बरोबर काम करणाऱ्यांत हा भेद आणणे क्रूरपणाचे आहे. मूल व्हावे म्हणून उपचार घेणारी एखादी सहकारी त्याच खोलीत असू शकते. म्हणून कोणाला बळेबळे पुढे ओढू नये आणि कोणाला वगळूही नये.

निरोपाच्या वेळीच रजेतल्या संपर्काचे ठरवून घेतलेले चांगले. पासवर्ड किंवा जुना कागद विचारायला रोज फोन येऊ लागले तर रजेला अर्थ उरत नाही. फोनसाठी एकच माणूस नेमावा, आणि तोही अगदी अडल्यावर. कधी बाळाची बातमी येतच नाही. गर्भपात झाल्यास कायद्याने सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यानंतर ती कामावर येते तेव्हा काय घडले हे सगळ्यांना आधी कळलेले असावे, म्हणजे दारातच ‘मुलगा की मुलगी’ हा प्रश्न तिच्या वाट्याला येत नाही.

असा निरोप सगळ्यांना मिळत नाही. ऊसतोडीला गेलेली बाई दिवस भरत आले तरी मोळ्या उचलते, कारण कोयत्यामागची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागची, मजुरीची उचल आधीच घेतलेली असते. धुणीभांडी करणारी स्त्री बदली बाई देऊन जाते आणि परतल्यावर ते घर आपले राहील की नाही, या काळजीत असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, पण ते मजुरीची जागा भरून काढत नाहीत. तिथे कोणी सोबतीण तिचे काम सांभाळते, कोणी मुकादमाशी बोलते, आणि तोच तिचा निरोप.

परतीची तयारीही रजेवर जाण्याआधीच सुरू करता येते. पन्नास किंवा अधिक माणसे काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी रोज दोन जादा विराम मिळतात. काम घरून होण्यासारखे असेल, तर रजा संपल्यावर काही काळ घरून काम करण्याबद्दल मालकाशी ठरवता येते. हे रजेवर जाण्यापूर्वीच विचारून, जमल्यास लेखी घेऊन ठेवावे.