हलबचं बियाणं आणि बर्फातलं कोठार

उत्तर ध्रुवापासून सुमारे १३०० किलोमीटरवर, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर डोंगराच्या पोटात २००८ साली बियाण्यांचं एक कोठार सुरू झालं. आत तापमान उणे १८ अंश. वर्तमानपत्रांनी त्याला ‘प्रलयाची तिजोरी’ म्हटलं आणि नाव चिकटलं. प्रत्यक्षात ही तिजोरी पहिल्यांदा उघडायला प्रलय लागला नाही, सीरियातलं यादवी युद्ध पुरलं.

हलब म्हणजे अलेप्पो शहराजवळच्या तल हाद्या या गावी ‘इकार्डा’ ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था होती. तिच्या बीजपेढीत गहू, जव, मसूर, हरभरा यांचे जुने वाण होते. विदर्भात जिला लाखोळी म्हणतात, ती लाखही होती. ज्या प्रदेशात माणसाने पहिल्यांदा गहू पेरला, त्याच भागातला हा ठेवा. गंमत म्हणजे संस्था मुळात लेबनॉनमध्ये उभी राहायची होती. तिथल्या यादवीमुळे १९७७ साली ती सीरियात आली. पुढे सीरियाही पेटला आणि शास्त्रज्ञांना बाहेर पडावं लागलं.

बहुतेक नमुन्यांची जोडप्रत मात्र आधीच स्वालबार्डला पोचली होती. तिथला नियम साधा आहे: कोठार नॉर्वेचं, पण पेटी ज्याची त्याची. ठेवणाऱ्याशिवाय ती कुणी उघडत नाही. उत्तर आणि दक्षिण कोरियाचं बियाणं म्हणूनच तिथे एका छताखाली राहतं. २०१५ साली इकार्डाने आपल्या पेट्या परत मागितल्या. मोरोक्कोत आणि लेबनॉनच्या तरबोलमध्ये ते बी पेरलं, वाढवलं आणि २०१७ पासून त्यातला वाटा पुन्हा बर्फात ठेवायला सुरुवात केली.

हे पेरणं फार महत्त्वाचं. थंडीत बी टिकतं, पण कायमचं नाही. उगवणशक्ती हळूहळू घटते. काही वर्षांनी ते मातीत घालून नवं बी धरावंच लागतं, आणि त्याला जमीन, पाणी, जाणती माणसं लागतात. अशा माणसांनी बियाण्यासाठी जीवही दिला आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलोव्हच्या संस्थेतले कर्मचारी उपाशी मेले, पण बियाण्यांच्या संग्रहाला त्यांनी हात लावला नाही. खुद्द वाव्हिलोव्ह १९४३ साली स्टालिनच्या तुरुंगात मरण पावला.

स्वालबार्डच्या पोलादी दाराचे फोटो सगळीकडे छापून येतात. खरी गरज आहे ती तरबोलसारख्या ठिकाणी दर हंगामात पेरणी करणाऱ्यांना नियमित पैसा मिळण्याची.