पायाखालची फळी

नवजात बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या एकूण लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा. मोठ्या माणसात हेच प्रमाण सातव्या-आठव्या हिश्शावर येतं. एवढा भार वर, आणि तो पेलणाऱ्या कण्याला जन्मतः एकच बाक, पुढे झुकलेला. बाळाने मान धरली की मानेपाशी उलटा बाक येऊ लागतो. बसायला, उभं राहायला लागलं की कमरेपाशी आणखी एक. म्हणजे ताठ बसायचा कणा बाळ जन्माला येताना आणत नाही, बसता बसता घडवतं!

स्नायूंवरचा ताबाही असाच वरून खाली उतरत येतो. आधी मान, मग खांदे नि पाठ, मग कंबर. सहाव्या महिन्याच्या सुमारास, उष्टावणाच्या दिवसांत, तो अजून वाटेतच असतो. बाळ बसतं खरं, पण दोन्ही हात पुढे टेकून. हात उचलला की लवंडलं. आणि नेमकं याच वेळी आपण त्याच्यापुढे वाटी ठेवतो.

उष्टावणाला मामाच्या मांडीवर बसून बाळ खीर चाटतं, तेव्हा मामाचं पोट त्याच्या पाठीला असतं आणि दंड कुशीला. शरीराचा जो भाग अजून ताब्यात आलेला नाही, त्याचं काम तेवढ्यापुरतं मामा करतो. हाय चेअरने करायचं ते हेच. धड सावरलं की हात मोकळे होतात, आणि मोकळा हात थेट वाटीत जातो.

गंमत पायांची आहे. उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून जेवून पाहा. थोड्याच वेळात तुम्ही पाय टेकायला आडवी दांडी शोधू लागता. बाळाचंही तेच होतं. तळवे टेकलेले नसले की तोल सावरण्यातच त्याची शक्ती जाते, ते घसरतं, चुळबुळतं, आणि आपण म्हणतो, ‘हा मेला जेवतच नाही.’

पीटर ऑप्सविक या नॉर्वेजियन डिझायनरने हे आपल्या मुलाकडे पाहून ओळखलं. मुलगा बाळाच्या खुर्चीत मावेनासा झाला होता आणि मोठ्यांच्या खुर्चीत त्याचे पाय लोंबत होते. 1972 मध्ये ऑप्सविकने स्टोके कंपनीसाठी ‘ट्रिप ट्रॅप’ ही खुर्ची केली: दोन लाकडी बाजू, त्यांत एकाखाली एक खाचा, आणि त्या खाचांत सरकणाऱ्या दोन फळ्या. एक बसायला, एक पाय टेकायला. मूल वाढलं की फळ्या खाली सरकवायच्या. पन्नास वर्षं उलटली तरी ती विकली जाते. महाग आहे, आणि तीच घ्यायला हवी असं मुळीच नाही.

दुकानात गेलात तर आधी बाळाला खुर्चीत बसवा. गाद्यांवरची चित्रं नंतर बघा. गुडघे काटकोनात वाकून तळवे फळीवर सपाट टेकतात का? ती फळी वर-खाली होते का? पुष्कळ खुर्च्यांना पायाखाली काहीच नसतं. पाठ मागे कलणारी खुर्ची जेवणासाठी नको. मान मागे गेली की जीभ तयार व्हायच्या आत घास घशाकडे घरंगळतो. नुसत्या ट्रेच्या भरवशावर राहू नका, कारण बाळ त्याखालून सरकतं. दोन पायांमधून येणारा पट्टा हवा आणि तो रोज लावायला हवा. ट्रे एका हाताने निघाला तर उत्तम, दुसऱ्या हातात बाळ असतंच. कोपऱ्याकोपऱ्यांत शिवण असलेली गादी मात्र टाळा. वरण त्यात कायमचं मुक्कामाला येतं.

खुर्चीचे पाय खाली फाकलेले असावेत. शिवाय ती जेवणाच्या टेबलापासून किंवा भिंतीपासून इतकी दूर हवी, की बाळाचे पाय तिथे पोचणार नाहीत. कारण पायांत बळ आलं की ते पहिल्यांदा समोर रेटून पाहतं, आणि खुर्ची मागे कलंडायला तेवढं पुरतं.