संगणकातील ओव्या
दिवंगत आजीने म्हटलेल्या जात्यावरील ओव्यांचे एकुलते एक ध्वनिमुद्रण घरच्या संगणकात असते. नातवास ते स्मार्टफोनमध्ये हवे असते. वस्तुतः तारेतून आवाज जात नाही. जातात ते शून्य व एक हे अंक. ध्वनिसीडीवर दर सेकंदास प्रत्येक वाहिनीची ४४,१०० मोजमापे असतात; म्हणून एका मिनिटास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. कानास सहसा न जाणवणारे तपशील एमपी-३ पद्धतीत वगळले, की साधारण १ मेगाबाइट पुरते.

केबल जोडूनही अँड्रॉइड फोन पुष्कळदा नुसताच चार्ज होत राहतो. त्याच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे आणि फाइलची प्रत ‘म्युझिक’ फोल्डरात ठेवावी. ‘कट’चा मोह मात्र टाळावा. केबल मध्येच निसटल्यास नवी फाइल अपुरी राहते; मूळ जागेवर असेल, तरच त्या ओव्या पुन्हा ऐकू येतात.