मायदेशी यायचंय? आधी व्हाउचर काढा!

तीनशे छत्तीस तास! कोरोनाच्या काळात न्यूझीलंडला विमानातून उतरलं, की एवढे तास सरकार सांगेल त्या हॉटेलात काढायचे. ‘चौदा दिवस’ म्हटलं की उतरल्याचा दिवस धरायचा की सोडायचा, यावरून वाद होतो. नियमात थेट तास लिहिले आणि वादाला जागाच उरली नाही. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेला तिथं सगळे ‘एमआयक्यू’ म्हणत. दोन वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं त्यातून गेली. 2020 संपताना जेमतेम 50 लाखांच्या त्या देशात कोरोनाचे बळी होते फक्त 25. ही कामगिरी खरोखर मोठी होती. पण तो दरवाजा प्रत्यक्षात कसा उघडायचा आणि कसा बंद व्हायचा, हे जास्त मजेशीर आहे. काही ठिकाणी संताप आणणारंही आहे.

हॉटेल कुठलं? बस थांबेल ते!

ऑकलंड, हॅमिल्टन, रोटोरुआ, वेलिंग्टन आणि क्राइस्टचर्च या पाच शहरांतली 32 हॉटेलं सरकारनं ताब्यात घेतली होती. त्यातलं कुठलं हवं, हे सांगायची सोय नव्हती. ऑकलंडला उतरलेली माणसं बसमध्ये बसायची आणि थेट काही तासांवरच्या रोटोरुआला पोचायची. जेवण कागदी पिशवीतून दाराशी. रोज तब्येतीची चौकशी. तिसऱ्या आणि बाराव्या दिवशी नाकात काडी. जानेवारी 2021 पासून पोचल्या पोचल्या आणखी एक. ऑकलंडमध्ये कुणी पॉझिटिव्ह निघालं, की रवानगी विमानतळाजवळच्या ‘जेट पार्क’ हॉटेलात. बंदोबस्ताला लष्कराचे जवान.

राहणार असाल तर फुकट

11 ऑगस्ट 2020 पासून बिल लागू झालं. खोलीतल्या पहिल्या प्रौढाला 3,100 न्यूझीलंड डॉलर, त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढाला 950, मुलाला 475. मात्र या तारखेआधीपासून परदेशात असलेला नागरिक परत येऊन 90 दिवसांपेक्षा जास्त राहणार असेल, तर त्याला माफी. पुढे ही मुदत 180 दिवस झाली. म्हणजे कायमचं परतणाऱ्याला मोफत. लग्नाला येऊन लगेच परत उडणाऱ्याला बिल. मला हा नियम पटतो.

पन्नास सेकंदांचं दार

या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत थरारक भाग. सप्टेंबर 2020, क्राइस्टचर्च. भारतातून आलेला एक प्रवासी चौदा दिवस नीट राहिला, दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या, घरी गेला आणि मग आजारी पडला. विषाणूच्या जनुकांची जुळणी केली, तेव्हा कळलं की लागण हॉटेलातच झाली होती, शेजारच्या खोलीतल्या प्रवाशांकडून. पण त्यांची गाठ तर कधी पडलीच नव्हती! आधी संशय गेला कचऱ्याच्या सामायिक डब्याच्या झाकणावर. मग तज्ज्ञांनी कॅमेऱ्यांचं चित्रीकरण तपासलं. बाराव्या दिवसाची चाचणी खोलीच्या उंबरठ्यावरच घेतली जायची. शेजाऱ्यांचं दार बंद झालं आणि पन्नास सेकंदांनी या प्रवाशाचं दार उघडलं. मधला बोळ बंदिस्त, खेळती हवा नाही. तेवढ्यात हवेतल्या सूक्ष्म कणांनी काम केलं, असा निष्कर्ष निघाला. जग तेव्हा किराणा मालाच्या पिशव्या सॅनिटायझरनं पुसत होतं, आणि इथं पुरावा बोट दाखवत होता हवेकडे.

सिनेमा, गाणी, क्रिकेट

सीमा बंद असताना मे 2020 च्या अखेरीस जेम्स कॅमेरॉन ‘अवतार’च्या पुढच्या भागासाठी खास विमानानं आपल्या चमूसह वेलिंग्टनला उतरला, विलगीकरण मात्र त्यालाही चुकलं नाही. 2021 मध्ये ‘द विगल्स’ या ऑस्ट्रेलियातल्या बालगीतांच्या लाडक्या चमूला खोल्या मिळाल्या, तेव्हा परदेशात ताटकळलेले नागरिक भडकले. त्याआधी 2020 च्या नोव्हेंबरात पाकिस्तानचा क्रिकेट संघ क्राइस्टचर्चला पोचला. सहा जण पॉझिटिव्ह निघाले, काहींनी नियम मोडले, आणि संघाची सरावाची सवलतच काढून घेतली गेली. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनालाही या व्यवस्थेचा फटका बसला. फेब्रुवारी 2022 मध्ये तिचं विलगीकरण लांबलं, आणि क्वीन्सटाउनचा टी-ट्वेंटी सामना व एकदिवसीय मालिकेची सुरुवात तिच्याविना झाली.

भारतातून? कुणीच नाही!

8 एप्रिल 2021 ला न्यूझीलंडच्या सीमेवर 23 रुग्ण सापडले, त्यातले 17 भारतातून आलेले. त्याच दिवशी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी जाहीर केलं: 11 ते 28 एप्रिल भारतातून प्रवेश बंद. व्हिसावाल्यांनाच नव्हे, खुद्द न्यूझीलंडच्या नागरिकांनाही. भारतात आईवडिलांना भेटायला आलेला, हातात न्यूझीलंडचा पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या देशात जाऊ शकत नव्हता.

नशीब नावाची रांग

खोल्या सुमारे चार हजार, आणि परदेशातले न्यूझीलंडर लाखांच्या घरात. म्हणून ऑक्टोबर 2020 मध्ये खोली राखून ठेवल्याचं व्हाउचर आलं. नोव्हेंबरपासून त्याच्याशिवाय विमानात चढताच येईना. मग माणसं रात्र रात्र संकेतस्थळासमोर बसून बटण दाबत राहिली. काहींनी खोल्या पकडायला संगणकाचे प्रोग्रॅम लावले, काहींनी पैसे मोजून दुसऱ्यांना बसवलं. हे थांबावं म्हणून सप्टेंबर 2021 मध्ये ‘ऑनलाइन प्रतीक्षागृह’ आलं. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी आत शिरायचं, संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखा क्रमांक देणार. पहिल्याच दिवशी तीन हजारांच्या आसपास खोल्यांसाठी रांगेत 30 हजारांहून अधिक जण होते.

मला खटकतं ते हेच. चिठ्ठीला सगळे सारखे. वडील अखेरच्या घटका मोजत असलेली मुलगी आणि सहज घरी चक्कर मारू पाहणारा माणूस, दोघांना एकच संधी. तातडीच्या कारणांसाठी वेगळा कोटा होता, पण त्याच्या अटी कडक. जानेवारी 2022 मध्ये पत्रकार शार्लट बेलिस गरोदर होती आणि अफगाणिस्तानात होती. तिचा तातडीचा अर्ज फेटाळला गेला. तालिबाननं राहू दिलं आणि मायदेशानं नाही, हे तिनं वर्तमानपत्रात लिहिल्यावर जगभर गाजावाजा झाला, आणि मग तिला खोली मिळाली. ज्यांना वर्तमानपत्रात लिहिता येत नव्हतं, त्यांनी काय करायचं?

त्यांच्यातल्याच काहींनी ‘ग्राउंडेड कीवीज’ नावानं एकत्र येऊन सरकारला कोर्टात खेचलं. नागरिकाला मायदेशी येण्याचा हक्क तिथल्या 1990 च्या हक्कांच्या कायद्यात लिहिलेला आहे. मार्च 2022 मध्ये लस घेतलेल्या प्रवाशांची विलगीकरणातून सुटका झाली, आणि एप्रिलमध्ये हायकोर्टाचा निकाल आला: विलगीकरण सक्तीचं करणं योग्यच होतं, पण निकड न पाहता चिठ्ठ्यांवर खोल्या वाटणाऱ्या पद्धतीनं 2021 च्या शेवटच्या महिन्यांत काही नागरिकांच्या या हक्कावर गदा आणली, आणि तिचं समर्थन होऊ शकत नाही.