कणशलाका प्रकाशिकी
विद्युत् भारित कणांची शलाका उगमापासून लक्ष्यापर्यंत नेताना, किंवा वलयात दीर्घकाळ फिरवत ठेवताना, ती इच्छित मार्गावर व इच्छित जाडीत राहावी म्हणून चुंबकीय आणि विद्युत् क्षेत्रांची योजना कशी करावी याचा विचार करणारे शास्त्र. भिंगे व लोलक प्रकाशकिरणांच्या बाबतीत जे कार्य करतात तेच येथे चुंबक करतात, म्हणून या शास्त्रास ‘प्रकाशिकी’ म्हणतात. कणवेगवर्धकाचा आराखडा या शास्त्राच्या आधारे तयार होतो. यंत्र उभारल्यावर त्यातून प्रथम शलाका नेऊन ते आराखड्याप्रमाणे चालते करण्याच्या कामास कार्यान्वयन म्हणतात. ही दोन्ही कामे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, कारण उभारलेले यंत्र आराखड्यातील यंत्राशी कधीच तंतोतंत जुळत नाही.

तत्त्व : द्विध्रुवी चुंबक शलाका वळवतो, तर चतुर्ध्रुवी चुंबक तिचे केंद्रीकरण करतो. चतुर्ध्रुवी चुंबकात एक अडचण मूळचीच आहे. तो आडव्या प्रतलात शलाका एकत्र आणत असेल, तर उभ्या प्रतलात ती पसरवतो. परंतु केंद्रीकरण व विकेंद्रीकरण करणारे चुंबक योग्य अंतरांवर एकाआड एक ठेवल्यास दोन्ही प्रतलांत एकूण परिणाम केंद्रीकरणाचाच होतो. याला प्रबल केंद्रीकरण म्हणतात. ही कल्पना एन्. क्रिस्टोफिलस यांनी १९५० मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती. पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ई. डी. कूरंट, एम्. एस्. लिव्हिंग्स्टन व एच्. एस्. स्नायडर यांनी तीच नव्याने मांडल्यावर वेगवर्धकांचे स्वरूप पालटले. त्यापूर्वीच्या दुर्बल केंद्रीकरणाच्या पद्धतीत शलाका फार पसरे व तिच्यासाठी प्रचंड चुंबक लागत. डूब्ना येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या १० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट (इ. व्हो.) ऊर्जेच्या यंत्राच्या चुंबकाचे वजन ३६,००० टन होते.

वलयात फिरणारा प्रत्येक कण आदर्श मार्गाच्या दोन्ही बाजूंस आंदोलने करतो. ही आंदोलने प्रथम बीटाट्रॉन या यंत्राच्या संदर्भात अभ्यासली गेल्यामुळे त्यांना बीटाट्रॉन आंदोलने हे नाव पडले. एका फेरीत होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येला ट्यून म्हणतात. ही संख्या पूर्णांक असता कामा नये. ती पूर्णांक असेल, तर एखाद्या चुंबकातील लहानसा दोष कणाला प्रत्येक फेरीत आंदोलनाच्या त्याच क्षणी धक्का देतो आणि योग्य वेळी ढकललेल्या झोपाळ्याप्रमाणे आंदोलन वाढत जाऊन कण नळीच्या भिंतीवर आदळतो. अर्धपूर्णांक व इतर काही साध्या अपूर्णांकांच्या बाबतीतही कमीअधिक प्रमाणात असेच अनुस्पंदन घडते. प्रबल केंद्रीकरणाचा हा धोका प्रारंभी ध्यानात आला नव्हता. जिनीव्हा येथील ‘सर्न’ या संस्थेने नव्या पद्धतीचा आराखडा स्वीकारल्यावर चुंबक बसवण्यातील सूक्ष्म चुकाही शलाका नष्ट करू शकतील, हे इंग्लंडमधील जे. डी. लॉसन इत्यादींनी दाखवून दिले. तेव्हा केंद्रीकरणाची तीव्रता कमी करून आराखडा सुधारण्यात आला आणि २४ नोव्हेंबर १९५९ रोजी त्या यंत्राने २४ अब्ज इ. व्हो. ऊर्जा गाठली.

मुंबई येथील यंत्र : कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला १४० लक्ष व्होल्ट दाबाचा पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ मध्ये कार्यान्वित झाला. त्यात ऋण आयन वरून खाली येतात, मध्यावरील उच्च दाबाच्या अग्राशी त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि धन झालेले आयन पुन्हा वेग घेतात. सर्व आयनांचे सारखेच इलेक्ट्रॉन निघत नाहीत, म्हणून खालच्या टोकाला असलेल्या विश्लेषक चुंबकाने हव्या त्या भाराचेच आयन निवडावे लागतात. पुढे याला अतिसंवाहक रेषीय वेगवर्धकाची जोड देण्यात आली. त्याचा पहिला टप्पा २००२ मध्ये व दुसरा २००७ मध्ये पूर्ण झाला. त्यात शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याची २८ अनुस्पंदके असून ती द्रवरूप हीलियमाने थंड केलेली असतात.

येथे जाडीइतकेच महत्त्व वेळेला आहे. अनुस्पंदकांची कंप्रता सेकंदाला १५ कोटी आवर्तने असल्यामुळे एका आवर्तनास सु. ६·७ अब्जांश सेकंद लागतो. म्हणजे कलेच्या एका अंशासाठी सेकंदाच्या दोन-अब्जांश नव्हे, तर अब्जांशाच्याही सु. पन्नासाव्या भागाएवढाच काळ मिळतो. प्रत्येक अनुस्पंदकाची कला वेगळी साधावी लागते आणि आयन किंवा ऊर्जा बदलली की ही जुळणी पुन्हा करावी लागते. यंत्र दोन समांतर भुजांत विभागलेले असून मध्ये शलाका १८० अंशांतून वळते. त्या वळणावर कमीअधिक ऊर्जेचे कण एकमेकांपासून फाकू नयेत आणि कणांच्या पुंजक्याची लांबीही वाढू नये, अशी दुहेरी अट चुंबकांच्या रचनेने पाळावी लागते.

इंडस-२ : इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील हे संचय वलय सिंक्रोट्रॉन प्रारण मिळवण्यासाठी बांधलेले आहे. त्याचा परिघ सु. १७२·५ मी. असून त्यात १६ द्विध्रुवी व ७२ चतुर्ध्रुवी चुंबक आहेत. इलेक्ट्रॉन सेकंदाला सु. १७ लक्ष फेऱ्या करतात. कार्यान्वयनास २००५ मध्ये प्रारंभ झाला. सु. ५५ कोटी इ. व्हो. ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वलयात शिरतात व तेथे त्यांची ऊर्जा २५० कोटी इ. व्हो. पर्यंत, म्हणजे साडेचार पटींनी वाढवली जाते. ही वाढ होत असताना सर्व चुंबकांची क्षेत्रे एकाच प्रमाणात चढली पाहिजेत. एखादा वीजपुरवठा किंचित मागे पडला तरी ट्यून सरकते, वाटेतील अनुस्पंदन लागते आणि साठवलेली शलाका क्षणात नाहीशी होते. यामुळे पूर्ण ऊर्जा व पूर्ण प्रवाह एकदम मिळत नाहीत. ते गाठण्यास वर्षे लागतात. शिवाय नव्या नळीच्या भिंतींतून प्रारणामुळे वायू सुटतात व निर्वात बिघडते. शलाका दीर्घकाळ फिरवत ठेवून त्या भिंती जणू घासून काढाव्या लागतात.

प्रत्यक्ष यंत्रातील दोष हुडकण्याची पद्धत अशी : मार्ग दुरुस्त करणाऱ्या चुंबकांना एकामागून एक लहानसा धक्का देऊन शलाका प्रत्येक मापन-केंद्रावर किती सरकली ते नोंदवतात. मग ही कोष्टके संगणकातील प्रतिमानाशी जुळेपर्यंत प्रतिमानातील चुंबकांची बले बदलतात. जेथे मोठा बदल करावा लागला, तो चुंबक संशयित ठरतो. सर्नच्या ‘मॅड’ या संगणक-कार्यक्रमाचा अशा प्रतिमानांसाठी जगभर वापर होतो. कधीकधी मात्र दोष चुंबकाचा नसतोच. १९९६ मध्ये सर्नच्या २७ किमी. परिघाच्या वलयात शलाका फिरेना. मार्गाच्या मापनांवरून अडथळ्याची जागा निश्चित करून नळी उघडली, तेव्हा आत बिअरच्या दोन रिकाम्या बाटल्या निघाल्या.

अधिक प्रवाहाच्या प्रोटॉन यंत्रांत प्रश्न आणखी बिकट होतो. कमी ऊर्जेला प्रोटॉन एकमेकांना जोराने दूर लोटतात, त्यामुळे शलाका आपल्याच भाराने फुगते. तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २ कोटी इ. व्हो. ऊर्जेचा असा वेगवर्धक उभारला आहे. थोरियमाच्या उपयोगासाठी कल्पिलेल्या १ अब्ज इ. व्हो. यंत्राचा हा पहिला भाग मानला जातो. त्या मोठ्या यंत्रात ३० मिलिअँपिअर प्रवाह धरल्यास शलाकेची शक्ती ३० मेगॅवॉट होईल. नळीच्या दर मीटरला सु. एक वॉटहून अधिक शक्ती भिंतीवर सांडली, तर यंत्र किरणोत्सर्गी होऊन दुरुस्तीसाठी माणसाला जवळ जाता येत नाही. म्हणून दर मीटरमागे तीन कोटींतील सु. एका कणाहून अधिक कण गमावून चालत नाही.